प्लेट कापनारा प्लाझ्मा आन् माझा तळपाय

—बसा की पावणं, उठताय कुठं? तुमचा नंबर बारा, माझा तेरा, आन् अजून अकरा नंबरची बाई आत हाय. प्लाझ्मा म्हटल्याबरोबर तुमचं तोंड उतरलं, ते दिसलं मला. लाजू नका. मी तर पैल्या दिवशी पळालतो — एका पायावर, हितनं थेट रिक्षा स्टॉपपतुर. तुमचं काय, तुम्ही दुधाचा टेम्पो चालवनार, तुम्हाला नुसत्या नावाचं भ्या. मला कामाचं भ्या. शिरोली एमआयडीसीत एकतीस वर्सं प्लाझ्मा कटर चालवलाय ह्या हातानं. इमाम मुजावर म्हना, कुठल्याबी शेडात वळखतील. वीस एमएमची लोखंडी प्लेट असती न्हवं, अंगठ्याएवढी जाड — तिच्यातनं त्यो प्लाझ्मा असा जातोय, जसा दोरा लोन्यातनं. आन् हितल्या डॉक्टर मॅडम मला म्हंत्यात, "काका, तुमच्या जखमेवर आपण प्लाझ्मा सोडूया." मी म्हटलं, मॅडम, पायच काढायचा असंल तर सरळ सांगा, मन घट्ट करतो, पन असं आडवाटेनं नगं.

जखम कशी झाली म्हंता? शुगर, दुसरं काय. तळपायाला काय कळतच न्हाय माझ्या. बुटात ठिनगी पडली, चांगला तापलेला लोखंडाचा गोळा, आन् मी दिवसभर तसाच उभा. घरात आल्यावर जुलेखा — माझी बायको — म्हनली, मटन जळल्यागत वास कुठनं येतोय? शेजारपाजारची चूल बघून आली. बघतो तर मीच. चौदा म्हयनं झालं त्याला. मलम झालं, गोळ्या झाल्या, सुया झाल्या, एकानं तर मध बांधला, तर मुंग्या लागल्या. मग ह्या संयोगिता मॅडमनी समजावलं. म्हनं ओढ्यातल्या दगडावर बुळबुळीत शेवाळ असतंय न्हवं, तसा चिकट थर केलाय जंतूंनी जखमेवर, आन् त्याच्याखाली बसल्यात निवांत. बायोफिल्म म्हनत्यात त्याला. वरनं कसलंबी औषध वता, ते वरच्या वरच, खाली पोचतच न्हाय. म्हंजे बघा — एकतीस वर्सं मी दुसऱ्याच्या शेडात राबलो, सोताचं एक पत्र्याचं शेड मला घालता आलं न्हाय, आन् माझ्या तळपायात ह्यांनी छप्पर घालून वस्ती केली. ग्रामपंचायतीला सुदिक इचारलं न्हाय.

तर मी पळालो, आन् जुलेखानं फोन कुनाला लावावा? आकारामाला. आकाराम म्हंजे माझा जोडीदार, आत्ता केसपेपर काढायला गेलाय न्हवं, पांढऱ्या मिशीचा, त्योच. मी कापायचं, त्यानं जोडायचं — वेल्डर हाय त्यो. पन आमचं बोलनं न्हवतं. सहा वर्सं. कशावरनं? आता काय सांगायचं. त्यानं घर बांधलं. फाटकावर नाव लावायचं ठरलं — 'स्वर्ग'. अक्षरं मी कापली, त्यानं जोडली. पैल्याच वळवाच्या वाऱ्यात अर्धा स पडला. राहिलं काय? 'वर्ग'. दुसऱ्या दिवसापास्नं आयाबाया पोरांना घेऊन दारात — गनिताचं क्लास हितंच हायत का. आकारामाची मालकीन चिमणाबाई, पाचवी शिकलेली बाई ती, तिनं शेवटी कटाळून दोघातिघांचं पाढं घेतलं बी. मी म्हटलं, तुझं वेल्डिंग कच्चं. त्यो म्हनला, तुझी कड वाकडी. झालं. एकाच शेडात काम करायचो, पावणं. मला प्लेट पायजे असली की मी भिताडाला सांगायचो, "प्लेट पायजे हुती." आन् भिताडानं सांगितल्यागत त्यो आनून द्यायचा. पन चाललं हुतं. मग पाय बिघडला, माझं काम सुटलं, आन् ते भिताड बी गेलं.

तर त्यो आला. सहा वर्सांनी माझ्या दारात. मला धरून हितं आनलं. काखंत वेल्डिंगची दोन हेल्मेटं, काळ्या काचंची. मॅडम म्हनल्या, "अहो, हा थंड प्लाझ्मा आहे, डोळे झाकायची काही गरज नाही." त्यो म्हनला, मॅडम, तुम्ही डॉक्टर हायसा, आमी वेल्डर. झालं, दोघंबी हेल्मेट घालून बसलो. मी खाटंवर, त्यो माझा पाय मांडीवर घिऊन. स्नेहल सिस्टर तोंड फिरवून हसाय लागली. दार उघडं हुतं, भाईरच्या तीन पेशंटनी आत वाकून बघितलं आन् घरला गेली. मशीन म्हंजे काय, पेनाएवढी नळी, तिच्या टोकाला जांभळी जोत, आगकाडीएवढी, बारीक सुर्र आवाज. आकाराम म्हनला, थांबा, आधी मी. त्यानं जोतीखाली कागद धरला — जळला न्हाय. शर्टाची बाही धरली. मग हेल्मेट वर करून मिशीचं टोक धरलं, ते बी तसंच. मग बोट. लई येळ धरलं बोट. आन् माझ्याकडं बघून बोलला, सहा वर्सांत पैल्यांदा — "इमाम्या, गार हाय." मला काय झालं कुनास ठावं, डोळ्यास्नी धारा लागल्या. बरं झालं हेल्मेट हुतं.

मग आठवड्यातनं दोनदा. त्यो मला गाडीवर घिऊन येतो, पायाखाली चिमणाबाईनं शिवलेली गिरदी. जाताना कळंब्याच्या तळ्यावर थांबतो, शेंगा खातो. फाटकाचा विषय काढत न्हाय. आन् जखम भरत आली. हितं फूटपट्टीनं मोजत्यात — सहा सेंटीमीटरची चार झाली, चाराची दोन. छप्पर उडालं की औषध लागू हुतंय, मॅडम म्हनल्या तसंच. एक दिवस मॅडम म्हनल्या, "काका, अजून तीन वेळा या, मग तुम्हाला सुट्टी." सिस्टरनी टाळ्या वाजवल्या. मी बी वाजवल्या. गाडीवर आकाराम म्हनला, "चला, सुटलो एकदाचं." तसं सहजच म्हनला त्यो. पन रात्रभर माझ्या डोक्यातनं ते गेलं न्हाय.

मग मी गूळ खाल्ला. व्हय, गूळ. गुऱ्हाळावरचा ताजा, चांगला ढेकूळ. सहज खाल्ला... न्हाय, सहज न्हाय. आता निम्मं सांगितलंच हाय तर ऐका. पट्टी बी काढली मी. जुलेखा नमाजला बसली की परसात जायचं, पट्टी सोडायची, आन् उघड्या पायानं कोंबड्यांच्या खुराड्यात हुबं राहायचं. त्या जंतूंस्नी म्हनायचं, या रं बाबांनो, घाला परत छप्पर. आन् त्यांनी घातलं की. दोनाची साडेतीन झाली. मॅडम रडकुंडीला आल्या. मशीन उघडून बघितलं, गॅसची टाकी बदलली, आन् मला इचारत्यात, "काका, काय चुकतंय हो आपलं?" आपलं म्हनल्या. मी म्हटलं, हवामान.

हसू नका. हे मशीन हितं चाचनीला आलंय. परवा शुक्रवारी कंपनीचा मानूस येनार, आन् माझा आकडा बघून मशीन बांधून न्हेनार. मग तुमचं काय? त्या आतल्या बाईचा अंगठा काळा पडत आलाय, तिचं काय? आन् माझं — मागच्या खेपंला मॅडम म्हनल्या, असंच वाढत गेलं तर पाय काढावा लागंल. म्हनून सांगतो, मशीनला भिऊ नका. मशीन खरं हाय, खोटा त्यो मी. आज सांगनार हाय मॅडमना. शपथ घिऊन आलोय. आकारामाला? न्हाय, त्याला न्हाय. त्याला काय सांगू, तू येत राहावंस म्हनून मी पाय नासवाय लागलोय? बासष्ट वर्साचा मानूस मी, नातवंडं हायत मला, आन् कोंबड्यांत—

काय? मागं काय बघताय?

...आकाराम. निघाला व्हय केसपेपर. कवापास्नं हुबा हायस हितं?... तसं न्हाय रं, मी आपलं ह्या पावण्यास्नी धीर द्यायला, त्यास्नी भ्या वाटत हुतं म्हनून... काय? कसलं पीस? कोंबडीचं? पट्टीत? कवा दिसलं तुला?... पंधरा दिस झालं? म्हंजे तुला ठावं हुतं? आन् तरी दर खेपंला गाडी काढून... मग बोलला का न्हाईस, मुडद्या?

...काय? तुला बी सुटायचं न्हवतं?

...पावणं, बारा नंबर पुकारला. जावा तुम्ही आत. आन् मॅडमना म्हनावं, तेरा नंबरला जरा येळ लागंल. जावा की आता, हितं काय बघत हुबं राहायलाय.