तृप्त आहोत, महाराज!

मंडळी, मागं जे डुलतायत त्यांना जरा कोपर मारा. हळू मारा हो, वयस्कर आहेत! आज मला एकच प्रश्न विचारायचाय. जगाचं पुढारपण एका राज्याकडून दुसऱ्याकडे जातं. आजवर गेलं, पुढंही जाईल. पण जातं कसं? तुम्ही म्हणाल, बुवा, शत्रू येतो, तट फोडतो, झेंडा बदलतो. अहो, तट फुटणं ही शेवटची गोष्ट! मोठेपण त्याच्या कितीतरी आधी घर सोडून गेलेलं असतं. कुणी घालवलं? ऐका तर मग.

हेमावती नावाचं साम्राज्य होतं. छप्पन देश त्याचा शब्द मानायचे. दोन राजे भांडले की हेमावतीत यायचे, अन् तिथला निवाडा दोघांनाही मान्य! का बरं? सैन्य होतं म्हणून? सैन्य होतंच. पण त्या घराण्याचा एक कुळाचार होता. दुपारी सम्राटाचं पान वाढलं की चोपदार चांदीची काठी आपटत सज्जात जायचा अन् हाक द्यायचा — "कोणी उपाशी आहे काय हो?" खाली चौकात छप्पन देशांचे वकील उभे! काळ्या कोटातले नव्हेत — राजदूत. ज्याच्या मुलखात दुष्काळ असेल, पूर असेल, तो ओरडायचा, "आहे, महाराज!" आणि तिकडं धान्य रवाना करण्याचा हुकूम सुटेपर्यंत सम्राट घास उचलत नसे. ह्याला म्हणतात थोरपण!

पुढं रत्नध्वज महाराज म्हातारे झाले. पोटाचं दुखणं लागलं. वैद्य म्हणाला, जेवण वेळेवर हवं. पण गाऱ्हाणी संपायची कधी? पान निवून जायचं, महाराज पोट धरून बसायचे. त्यांचा प्रधान देवरात — पोरवयापासून धन्याच्या सावलीत वाढलेला — त्याला ते बघवेना. त्यानं वकिलांना बाजूला बोलावलं. "हे बघा, हाक आली की सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं — तृप्त आहोत, महाराज! काय गाऱ्हाणं असेल ते कचेरीत लिहून द्या."

लबाडी होती का हो? मुळीच नाही. माया होती! अन् कचेरीत गेलेल्या कागदाचं काय होतं, ते मी तुम्हाला सांगावं? तुमचे चेहरेच सांगतायत!

बारा वर्षं गेली. महाराज कौतुकानं म्हणायचे, "देवराता, बारा वर्षांत माझ्या छत्राखाली कुणी उपाशी राहिलं नाही. केवढी पूर्वजांची पुण्याई!" देवरात मान खाली घालायचा. आज सांगू, उद्या सांगू... पण महाराजांचं अंग भरत चाललं होतं, चेहऱ्यावर तुकतुकी आली होती. सांगायचं कसं?

आणि त्या छप्पनातल्याच एका किनारी मुलखावर, नीलतीरावर, समुद्र चढला! शेतं खारी झाली, विहिरी खाऱ्या झाल्या. तिथला वकील धरणीधर, त्याचे कचेरीत सात अर्ज पडलेले. त्या दुपारी हाक आली. सगळे म्हणाले, "तृप्त आहोत!" — आणि धरणीधर एकटा फुटलेल्या आवाजात ओरडला, "नीलतीर उपाशी मरतंय, महाराज!"

महाराजांचा घास हातातच राहिला. "काय म्हणाला तो?"

मंडळी, हा क्षण बघा! देवरात शेजारी उभा. एक शब्द खरा बोलला असता तर साम्राज्य वाचलं असतं. पण धन्याच्या हातात अडलेला तो घास त्यानं पाहिला आणि तो बोलून गेला, "काही नाही, महाराज. वेडा झालाय बिचारा."

महाराजांनी घास तोंडात घातला. गेलं! तिथंच गेलं राज्य! तोफ नाही, तलवार नाही — एका घासाबरोबर गेलं.

देवराताला झोप कसली येते? दुसऱ्या दिवशी त्यानं हुकूम काढला. पण कचेरी म्हणाली, अर्ज सापडत नाही. कोठारवाला म्हणाला, धान्य सेनेच्या संचलनासाठी राखलंय. महिना गेला. शेवटी तो स्वतः नावा भरून निघाला. नीलतीराला पोचतो तो काय? किनाऱ्यावर पंगती बसलेल्या! तांदूळ, सुका मासा, गोड्या पाण्याची पिंपं! शिंपलेबेटाचे लोक आठ दिवसांत येऊन पोचले होते. अहो, ज्यांना हेमावतीत "मासे सुकवणारे" म्हणून हसायचे ते! त्यांचा पुढारी मालू तांडेल, गुडघ्यापर्यंत धोतर खोचून वाढत होता. आणि भोवती कोण? हेमावतीच्या चौकातले तीस-चाळीस वकील! आपापली भांडणं घेऊन आलेले. कुणी बोलावलं होतं? कुणीच नाही.

मालूनं म्हाताऱ्या देवराताला पाहिलं. "आजोबा, लांबून आलात. बसा पानावर."

देवरात म्हणाला, "आता आमचं सिंहासनही घेशील?"

मालू हसला. "ते ठेवायचं कुठं? आमच्या होडीत जाळ्यालाच जागा पुरत नाही!"

देवरात परतला आणि धन्याच्या पायावर पडला. सगळं सांगितलं. महाराजांनी त्याला उठवलं. मग इतकंच म्हणाले, "तू माझं पोट सांभाळलंस, देवराता. माझं घराणं उपाशी ठेवलंस." सेनापती म्हणाला, हुकूम करा, बेट बुडवतो! महाराज म्हणाले, "भुकेल्याला जेवू घातलं म्हणून मारू? मग उरलंसुरलं नावही जाईल." आणि त्यांनी चोपदाराची ती चांदीची काठी देवराताच्या हाती दिली. "आता हाक त्यांनी द्यायची. नेऊन दे."

रडत रडत तो काठी घेऊन बेटावर गेला. भर दुपार होती. मालू वाळूत उभा राहून एकेका वकिलाचं गाऱ्हाणं ऐकत होता. घामानं निथळत होता. मागं त्याचा कारभारी, विसोबा, छत्री धरून उभा. तो हळूच वकिलांना म्हणाला, "बाबांनो, तांडेलांना ऊन लागतंय. सगळं बरं आहे म्हणा आणि जा की!"

देवरातानं ते ऐकलं. त्यानं विसोबाचं मनगट घट्ट धरलं. "तुझं तुझ्या धन्यावर प्रेम आहे?"

"जिवापाड आहे!"

"मग त्याला उन्हात उभं राहू दे."

मंडळी, साम्राज्यांचं असंच असतं. वर चढणाऱ्याच्या मागंही छत्री घेऊन कुणीतरी उभं असतंच. त्या राजांचं सोडा. आपल्या घराचं काय? बाप रागीट, म्हणून पोराचं बिघडलेलं सांगायचं नाही. सरपंचाला वाईट वाटेल, म्हणून वरच्या आळीत पाणी येत नाही हे बोलायचं नाही. अहो, शेजाऱ्याकडं काय बघता? मी तुम्हाला विचारतोय! तुम्ही कुणाचे देवरात आहात? आणि आणखी एक विचारतो, जड जाईल ते. तुमच्यापुढं खरं बोलायला घरातलं कोण भितं? बायको? सून? की तुमचा लेक?

आज घरी गेल्यावर त्या माणसासमोर बसा आणि म्हणा, बोल बाबा, मी चिडणार नाही. आणि मग खरंच चिडू नका. माझ्या वडिलांना हे विचारायला मी फार उशीर केला, मंडळी. तुम्ही करू नका.

विठ्ठलाचं नाव घ्या. मोकळ्या गळ्यानं घ्या!