नदीपलीकडचे देव

टाळ ठेवा खाली. पेटीवाले, तुम्हीही भाता मिटा जरा. मंडळी, एक प्रश्न विचारतो. उत्तर आत्ता नको, नुसता पदरात घ्या! माणूस जिंकून हरतो का हो? साक्ष त्याची, निकाल त्याचा, शिक्का त्याचा — आणि तरी हात रिकामे? होतं असं?

ऐका तर मग!

राजेरजवाड्यांचे दिवस. अलीकडं सोनवळे संस्थान, पलीकडं आंबगड संस्थान, मधून नदी. नदी केवढी? अहो, धोतर गुडघ्यापर्यंत वर घ्यावं, तोंडातलं पान संपायच्या आत पलीकडं! पण राजा वेगळा, कोर्ट वेगळं. सोनवळ्याच्या मुन्सफानं दिलेला हुकूमनामा पलीकडच्या काठावर गेला, की त्याची किंमत वाण्याच्या पुडीएवढी!

अलीकडच्या काठाला रंगाऱ्यांचं घर. भागूआई आणि तिचे दोन लेक — थोरला येसबा, धाकटा गुणबा. नवरा मागंच गेलेला. गुणबा निळीच्या कुंडावर काम करायचा. हात कोपरापर्यंत निळे! कितीही घासा, रंग जायचा नाही. जावई म्हणून मिरवायला गेला तेव्हा मेव्हण्या म्हणाल्या, दाजी, हळद कुठं लावायची?

आता त्या घराच्या देवघरात होते टाक. पोरांनो, टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले बोटभर देव. आणि रीत अशी, की घरचं जाणतं माणूस गेलं, की त्याचाही टाक करून देवांत बसवायचा. भागूआईचा मालक तिथंच बसलेला. रोज सकाळी ती त्याला पाणी घालायची, पदरानं पुसायची, चार शब्द बोलायची. म्हणायची, "जित्तेपणी कधी ऐकलं नाही, आता कसे मुकाट ऐकतात!"

आणि एका नवरात्रात भांडण झालं. कशावरून? घटाला कोण बसणार! येसबा म्हणाला, थोरला मी. गुणबा म्हणाला, आईला मी सांभाळतो, घर मी चालवतो. शब्दाला शब्द लागला. येसबानं टाक टोपलीत घातले, बायकोला घेतलं, आणि नदी ओलांडून सासुरवाडीला जाऊन राहिला. "थोरल्याकडं देव! ही रीत आहे!"

देव गेले. देवांबरोबर भागूआईचा मालकही गेला, मंडळी. कोनाडा रिकामा. ती बाई रोज त्या रिकाम्या कोनाड्याला हात जोडायची.

गुणबानं सोनवळ्याच्या कोर्टात दावा लावला. दोन वर्षांत निकाल — देव सहा महिने थोरल्याकडं, सहा महिने धाकट्याकडं! चोख न्याय! गुणबानं अख्ख्या आळीत गूळ वाटला आणि कागद घेऊन गेला पलीकडं. आंबगडच्या कारकुनानं चष्मा वर केला.

"शिक्का कुणाचा हा? सोनवळ्याचा? मग सोनवळ्यातच बजावा."

"साहेब, देव हिकडं हायत!"

"मग देवांना सांगा तिकडं यायला!"

हसताय? गुणबा नाही हसला. नऊ वर्षं, मंडळी! नऊ वर्षं अर्ज, नकला, खेटे. आई म्हणायची, "गुणू, मला पल्याड नेऊन सोड रे. एकदा ह्यांना माझ्या हातानं आंघोळ घालते अन् येते." गुणबा म्हणायचा, "आई, तू गेलीस की आपण हरलो. म्हातारीच शरण आली म्हणतील. देवच आणतो तुझ्या दारात!" नदी केवढी होती सांगितलं ना मघाशी?

शेवटी दोन्ही सरकारांत करार झाला — एकमेकांचे हुकूमनामे एकमेकांनी बजावायचे. गुणबानं दुसऱ्याच दिवशी आंबगडला बजावणीची दरखास्त ठोकली. तारीख मिळाली, बेलीफ मिळाला, पंच मिळाले. तोवर इकडं भागूआईनं अन्न सोडलेलं, अंथरुणाला खिळलेली. गुणबा दोन दिवस आंबगडलाच कागदामागं, घरी गेलाच नाही.

भर दुपार. बेलीफ पुढं, गुणबा मागं, पंच त्याच्या मागं. सगळे पलीकडच्या काठानं निघालेत येसबाच्या घराकडं. आणि समोरून कोण येतंय? येसबा! डोक्यावर टोपली, टोपलीवर नवं फडकं, एक पाय नदीच्या पाण्यात!

"थांबव त्याला!" गुणबा ओरडला. "देव घेऊन पळतोय!"

"पळतोय? गुण्या, आईकडं चाललोय! आईनं अन्न सोडलंय, कळलं मला. देव दाखवतो तिला. चल, दोघं जाऊ!"

बेलीफ म्हातारा होता, चार घरं बघितलेला. गुणबाला बाजूला घेऊन म्हणाला, "हे बघ बाबा, माझा अंमल ह्या काठापुरता. दरखास्त तुझी आहे. 'आज बजावणी नको' एवढं लिहून दे, मी माघारी जातो. घटकाभरात देव तुझ्या आईसमोर. जप्त केले, तर आधी कोर्टात जमा होतील."

मंडळी, काय अवघड होतं? पण गुणबाच्या डोळ्यांपुढं नऊ वर्षं उभी राहिली. माघार लिहिली, तर पुन्हा पहिल्यापासून! आणि भाऊ हसेल! तो येसबाला म्हणाला, "इतकी वर्षं आई कुठं गेली होती तुझी?" आणि बेलिफाकडं वळला. "जप्त करा."

पंचनामा झाला. पंच शाईची डबी शोधायला लागला. बेलीफ म्हणाला, "राहू दे. ह्याचा अंगठा निळाच आहे."

देव गोणपाटात गेले, गोणपाटाला लाख लागली. येसबा रिकामी टोपली घेऊन काठावर बसला. म्हणाला, "आता कुठल्या तोंडानं जाऊ तिच्यापुढं?"

गुणबा घरी आला. दारातूनच ओरडला, "आई, जिंकलो! देव जप्त झाले!"

बघतो तर काय — भागूआई चुलीपुढं बसलेली! अंथरुणातली बाई! परातीत तीन भाकरी.

"जप्त? अन् येसू कुठाय?" ती म्हणाली. "काल निरोप आला त्याचा, देव घेऊन येतो म्हणून. देव येतील तेव्हा येतील रे. तुम्ही दोघं एका ताटाला बसलेले बघायचे होते मला. तो का नाही आला?"

उठावं, काठावर जावं, एक हाक मारावी — येसबा अजून तिथंच बसला होता! उठला का गुणबा? नाही उठला. शरम वाटली. तिसऱ्या दिवशी दुपारी भागूआई गेली. येसबा आला, पण खांदा द्यायला.

देव कोर्टातून सुटले जप्तीनंतर सतराव्या दिवशी. दोघा भावांनी आईचा टाक केला, बापाच्या शेजारी बसवला. पण हुकूमनामा? तो जिवंतच होता! सहा महिने इकडं, सहा महिने तिकडं. दर सहा महिन्यांनी दोघं भाऊ नदीच्या मध्यावर गुडघाभर पाण्यात उभे राहायचे, आणि टोपली ह्या हातातून त्या हातात जायची. द्यायच्या आधी गुणबा फडकं सारायचा, निळा अंगठा आईच्या टाकावर ठेवायचा, आणि दरवेळी तेच म्हणायचा, "चल आई. नेतोय बघ तुला पल्याड."

संस्थानं गेली, मंडळी. नदीवर पूल झाला. पण दादा, तुमच्या आणि भावाच्या दारामधलं अंगण किती पावलांचं आहे? ताई, वहिनीशी शेवटचं कधी बोललात? मी नाव घेत नाही कुणाचं. कीर्तनातून मध्येच उठू नये, असं मीच तुम्हाला दरसाल सांगतो. आज सांगतो — ज्याची हाक मारायची राहिलीय, त्यानं उठावं. खुशाल उठावं! आम्ही टाळ हातात धरून थांबतो. तो परत येईल, दुसऱ्याला घेऊन येईल, मग करू गजर.