प्रकाश कसा गेला, ते सांगतो

मंडळी, भर धान रोवण्याच्या दिवसांत हातचं काम टाकून तुम्ही आलात. मला भाषण येत नाही. त्यात ज्याला मी गाडी शिकवली, त्याच्याबद्दल असं बोलायची वेळ आली.

मी फौजेत ड्रायव्हरांचा उस्ताद होतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. प्रकाश माझ्याच पलटणीत आला. डोंगरातला रस्ता, एका अंगाला दरी, मागे ट्रकभर जवान. तिथे त्यानं कधी मोबाईल हातात घेतला नाही. शेजारचा जास्त बोलायला लागला तर म्हणायचा, "थांब ना भाऊ, वळण जाऊ दे."

मग इथे काय झालं?

इथे तो सुटीवर होता. लाखनीहून घरी येत होता. सोबत धाकटा भाऊ विकास. तोही फौजेतलाच. दुपारची वेळ, सरळ रस्ता. पलटणीतल्या दोस्ताचा मेसेज आला. विकास म्हणाला, "दादा, मले दे, मी वाचून दाखवतो." प्रकाश म्हणाला, "एवढंच तं लिहून राहिलो." मान खाली गेली. गाडी डांबर सोडून कडेला उभ्या असलेल्या ट्रकवर गेली. विकास वाचला. प्रकाश जागीच गेला.

लोक मला म्हणाले, उस्ताद, ट्रकवाल्याची चूक होती असं सांगा. कोणी म्हणालं, नशीब म्हणा. मंडळी, ट्रक डांबरी रस्ता सोडून खाली, कडेला उभा होता. त्याला कसा दोष देऊ? आणि नशिबाला तरी कायले?

काल मी सुनीताकडे गेलो. प्रकाशच्या बायकोला विचारल्याशिवाय कसं बोलणार? ती म्हणाली, "काका, जसं झालं तसंच सांगा. देवानं नेलं म्हनू नोका. मोबाईल पाहता पाहता गेले म्हना. आयकून एखादा तरी मोबाईल ठेवून देईन."

म्हणून सांगतो आहे. आपल्या गावची बरीच पोरं फौजेत आहेत. पोरांनो, पलटणीत साहेबाच्या धाकानं नियम पाळता. गावच्या रस्त्यावर साहेब नसतो. तिथे तुमचा तुम्हालाच धाक पाहिजे. मोबाईल शेजारच्याकडे द्या. एकटे असाल तर गाडी थांबवून बोला. आणि घरच्यांनो, पोरगा रस्त्यावर आहे हे माहीत असताना, "कुठपर्यंत आला?" म्हणून फोन करू नका.

विकास परवा ड्यूटीवर परत जातो आहे. त्याच्या हाताची पट्टी अजून सुटली नाही. आज सकाळी त्याची आई त्याला काय म्हणाली, ते मी ऐकलं. "बाबू, गाडीत बसला का फोन बंद कर. मले उशिरा कळलं तरी चालन. पन पोहोचलो म्हनून तुह्याच तोंडून कळू दे."

यापुढे माझ्याजवळ बोलायला काही नाही. उभे राहा, मंडळी. प्रकाशसाठी दोन मिनिटं शांत राहू.