रेडकर मॅडम वैयक्तिक कारणास्तव जात नाहीत

व्यासपीठावर विराजमान असलेले आपल्या संस्थेचे अध्यक्ष आदरणीय रामचंद्रराव, कार्यवाह माननीय सुधीरराव, आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका, जिच्यासाठी आज हा हॉल भरला आहे ती माझी सहकारी गीतांजली रेडकर, सर्व शिक्षक आणि शिक्षकेतर मंडळी, खारघरच्या सोसायट्यांमधून आणि खाडीकाठच्या गावातून कामधंदा सोडून आलेले पालक, आणि मागच्या रांगांमध्ये शहाण्यासारखं बसल्याचा देखावा करणारे माझे विद्यार्थी, तुम्हा सगळ्यांना सुनीती ठोंबरेचा नमस्कार.

मी या शाळेत मराठी शिकवते. निरोपाचं भाषण कसं करावं हे मी दरवर्षी नववीला शिकवते. जाणाऱ्याचे गुण सांगावेत, एखादी हलकीफुलकी आठवण सांगावी, पुढच्या वाटचालीला शुभेच्छा द्याव्यात आणि खाली बसावं. आज मी ते सगळं करणार होते. पण मघाशी निवेदकांनी सांगितलं की रेडकर मॅडम वैयक्तिक कारणास्तव शाळा सोडत आहेत. ते वाक्य कानावर पडलं आणि लिहून आणलेलं भाषण मी पर्समध्ये ठेवून दिलं.

कसलं वैयक्तिक कारण? करंजाड्याचं त्यांचं घर आहे तिथंच आहे. तब्येत ठणठणीत आहे. दुसरी नोकरी त्यांनी शोधलेली नाही. मग कारण कुठलं? अध्यक्ष महोदय, ते कारण मला ठाऊक आहे, स्टाफरूमला ठाऊक आहे, या पहिल्या रांगेतल्या बहुतेकांना ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही अशा पालकांसाठी मी ते सांगते.

आपल्या कॉम्प्युटर लॅबमध्ये लॅपटॉप आले तो दिवस तुम्हाला आठवत असेल. फीत कापली, फोटो काढले, पेढे वाटले. स्वस्तातले, हलके, मोबाइलमध्ये असते तसल्या चिपवर चालणारे लॅपटॉप. स्वस्त असण्यात काही कमीपणा नाही, माझी मुलं त्यावर आनंदानं शिकली. एकच गोम होती. लॅपटॉप उघडायचा तर पुरवठादार कंपनीच्या सर्व्हरवर लॉग-इन करावं लागायचं. आणि त्या कंपनीच्या सॉफ्टवेअरला मराठीचं वावडं. पोरांनी ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ लिहिलं की पडद्यावर यायचं ‘सह्याद्रीच्या दर्या’. म्हणजे आमच्या शाळेपुरता सह्याद्री समुद्रात बुडालेला. मी तक्रार केली तेव्हा उत्तर मिळालं, पुढच्या अपडेटमध्ये होईल.

अपडेट आलंच नाही. एके सकाळी सगळ्या लॅपटॉपवर एकच इंग्रजी वाक्य आलं, की या उपकरणाला यापुढे सेवा मिळणार नाही. कंपनीनं तो सर्व्हर बंद केला होता. मशीन धडधाकट, बॅटरी चांगली, कीबोर्ड चांगला, आणि आत जायचा दरवाजा मात्र बाहेरून कुलूप लावून बंद.

आता त्या दरवाजाच्या आत काय होतं ते ऐका. आदल्या वर्षी माझ्या मुलांनी एक प्रकल्प केला होता. ती खाडीकाठच्या गावात गेली, मिठागरात राबलेल्या, मासळी विकलेल्या म्हाताऱ्या माणसांसमोर बसली आणि त्यांचं बोलणं हातात धरलेल्या लॅपटॉपवर रेकॉर्ड केलं. त्या बोलीतले कितीतरी शब्द शब्दकोशात नाहीत. त्यात जाई नावाची आमची एक विद्यार्थिनी होती. तिनं स्वतःच्या आजीला, शेवंताबाईंना बोलतं केलं. शेवंताबाईंनी आयुष्यभर टोपलीतून मासळी विकली. भरती-ओहोटी कशी ओळखायची, कुठल्या पाण्याला कुठली मासळी येते, हे सगळं त्यांनी नातीला सांगितलं.

लॅपटॉप बंद पडले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत शेवंताबाई गेल्या.

त्यांचं दिवसकार्य झाल्यावर त्यांची सून, जाईची आई मितालीताई, शाळेत आल्या. त्या आज इथे बसल्या आहेत. त्यांनी फार काही मागितलं नाही. सासूबाईंचा आवाज घरात कुणाकडेच नाही, शाळेत आहे असं जाई सांगते, तो एकदा ऐकायला मिळेल का, एवढंच विचारलं.

कॉम्प्युटर शिकवणाऱ्या, लॅब सांभाळणाऱ्या रेडकर मॅडमनी त्यांच्यासमोरच कंपनीला फोन लावला. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, मॅडम, युनिट आऊट ऑफ सपोर्ट आहे. आतल्या डेटाचं काय, असं विचारलं तर म्हणाले, डेटा विसरा, नवीन मॉडेल घ्या. दुसऱ्या दिवशी मॅडम एक लॅपटॉप कापडी पिशवीत घालून रबाळ्याला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेल्या. तिथे त्यांना बराच वेळ बसवून ठेवलं आणि शेवटी सांगितलं की फार तर सगळं पुसून देतो. पुसून! मॅडम पिशवी उचलून परत आल्या. स्टाफरूममध्ये मला म्हणाल्या, “सुनीती, वस्तू आपली आहे. आत काय चालवायचं हे ते कोण ठरवणार? मी लिनक्स टाकते.”

लिनक्स म्हणजे काय हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आता थोडंफार कळतं. लॅपटॉप चालवणारी ती एक प्रणाली आहे. जगभरातले लोक मिळून ती लिहितात, कुणीही ती मोफत घ्यावी, हवी तशी बदलावी. कुणा एका कंपनीनं सर्व्हर बंद केला म्हणून ती थांबत नाही.

मला वाटलं, पेनड्राइव्ह लावला की झालं. घरच्या मोठ्या कॉम्प्युटरवर तसं होतंही. या लॅपटॉपनी पेनड्राइव्हकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कारण चिप मोबाइलची. पडदा कुठल्या तारेवर आहे, कीबोर्ड कुठे जोडला आहे, हे त्या चिपच्या मशीनला आपलं आपण कळत नाही. प्रत्येक मॉडेलसाठी ते वर्णन कुणीतरी लिहून द्यावं लागतं. कंपनीनं ते कधी जाहीर केलेलं नव्हतं. मॅडमनी इंटरनेटवर शोध शोध शोधलं. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं असलेच स्वस्त लॅपटॉप उघडून बसलेली होती. त्यांच्याशी मॅडमनी लिहून बोलणं सुरू केलं.

आणि पहिलाच लॅपटॉप मेला. हे लपवण्यासारखं नाही, मॅडमनीही लपवलं नाही. ज्या मॉडेलचं वर्णन मिळालं होतं तेच नाव आपल्या लॅपटॉपच्या पाठीवर होतं. मॅडमनी ते आतल्या मेमरीत घातलं आणि पडदा काळा झाला तो कायमचा. मग त्यांनी त्याचं मागचं झाकण उघडलं, शेजारच्या लॅपटॉपचंही उघडलं. वर स्टिकर एकच, आतले बोर्ड वेगवेगळे. कंपनीनं एकाच नावाखाली मिळेल तो माल भरला होता. कुणी विचारलं का हो तेव्हा कंपनीला जाब?

शेवंताबाईंचा आवाज कुठल्या लॅपटॉपमध्ये आहे, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. जाईला आठवत नव्हतं. तो आवाज मेलेल्या मशीनमध्येच असेल तर? मॅडम त्या दिवशी डबा न खाता बसून राहिल्या. मी त्यांना म्हटलं, आता थांबा, उगाच अंगाशी येईल. त्या म्हणाल्या, “थांबले तर मितालीताईंना सांगू काय? आऊट ऑफ सपोर्ट?”

त्यानंतर त्यांनी आतल्या मेमरीला हातच लावला नाही. लिनक्स एका छोट्या मेमरी कार्डावर घेतलं, म्हणजे आतलं सगळं जसंच्या तसं राहील. पण लॅपटॉप कार्डाकडेही बघेना. मग कुणीतरी परदेशातून कळवलं की बोर्डावर एक बारीक बटण असतं, ते दाबून ठेवून मशीन सुरू करा. मॅडमनी तसं केलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी धावायला लागल्या. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण मॅडमचा चेहरा मला वाचता येत होता.

लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. टचपॅडवर बोट डावीकडे नेलं की बाण उजवीकडे पळायचा. वायफाय नव्हतं. स्पीकरमधून आवाज नव्हता. एकेक गोष्ट मॅडम दुरुस्त करत गेल्या, स्वतःचे तास घेऊन, स्वतःच्या सुट्टीत. एक दिवस त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, तुमच्या दऱ्या टाइप करून बघा. मी टाइप केलं. बरोबर आलं. पायऱ्या बरोबर, तऱ्हा बरोबर, सुऱ्या बरोबर. अध्यक्ष महोदय, मराठी शाळेत मराठी नीट उमटावं म्हणून एका बाईला परदेशातल्या अनोळखी माणसांची मदत घ्यावी लागली. कंपनीला ते कधी जमलं नव्हतं.

आणि मग एका लॅपटॉपच्या आतल्या मेमरीत जाईच्या नावाचं फोल्डर सापडलं. स्पीकरचं काम तेव्हा व्हायचं होतं, म्हणून मॅडमनी ती फाइल माझ्या मोबाइलवर घेतली. स्वतः ऐकली नाही, मलाही ऐकू दिली नाही. म्हणाल्या, पहिला हक्क आपला नाही.

मितालीताई आल्या, जाई आली. लॅबमध्ये बाकावर बसून त्यांनी ऐकलं. शेवंताबाई पाण्याबद्दल बोलत होत्या, मासळीबद्दल बोलत होत्या. मधूनच हसत होत्या. आणि अगदी शेवटी, सगळं सांगून झाल्यावर, त्या नातीला म्हणाल्या, “बास झाला गो, आता बंद कर तं. कवाची धरून बसलीस, हात दुखत आसल तुजा.”

 मितालीताई पदर तोंडाला लावून बसल्या. जाईनं ते शेवटचं वाक्य पुन्हा लावलं. मग पुन्हा. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले.

एवढं सगळं झालं, तर पुढे काय व्हायला हवं होतं? कुणालाही वाटेल की संस्थेनं पाठ थोपटली असेल. मॅडमनी संस्थेच्या कमिटीला स्वतःहून सविस्तर कळवलं. एक मशीन माझ्या हातून गेलं, त्यातली दोन-तीन माणसांची रेकॉर्डिंग गेली, त्याचं मला वाईट वाटतं, बाकीची सगळी मशीन चालू आहेत, नवीन घ्यायची गरज नाही. पालकसभेतही त्यांनी हेच सांगितलं. आणि तिथेच त्या चुकल्या म्हणायच्या! कारण नवीन लॅपटॉप घ्यायचं कमिटीत आधीच ठरलं होतं. कुठल्या कंपनीचे? त्याच.

मॅडमना कारणे दाखवा नोटीस आली. संस्थेच्या मालमत्तेची मोडतोड केली आणि वॉरंटीच्या अटींचा भंग केला. सुधीरराव, मी तुम्हाला तेव्हाही विचारलं होतं, आज सगळ्यांसमोर विचारते. जी मशीन आऊट ऑफ सपोर्ट आहेत असं कंपनीच सांगते, त्यांची वॉरंटी कुठून आली? ज्यांनी चालती लॅब एका सकाळी बंद पाडली त्यांना तुम्ही चहा पाजलात, आणि जिनं ती उघडली तिला नोटीस दिलीत. मॅडमनी उत्तर दिलं. त्याची पोच नाही. मॅडमची नोकरी कंत्राटी, त्या कंत्राटाची मुदत संपली आणि ते पुढे वाढवलं गेलं नाही. याला तुम्ही वैयक्तिक कारण म्हणता? माझ्या वर्गात एखाद्या मुलानं असा शब्द वापरला असता तर मी खाली लाल रेघ मारली असती.

अध्यक्ष महोदय, तुम्ही घड्याळाकडे पाहताय, मी आवरते.

मॅडम कुठे जाणार, असं बऱ्याच जणांनी मला विचारलं. मितालीताई आणि गावातल्या बायकांनी समाजमंदिराची खोली त्यांना देऊ केली आहे. तिथे संध्याकाळी मुलांचा वर्ग चालेल. घरोघरी पडून असलेले जुने लॅपटॉप लोकांनी आणून द्यायला सुरुवातही केली आहे. म्हणजे गावाला कळलं. आपल्याला कधी कळणार?

आता माझी विनंती. ती नोटीस मागे घ्या, आणि लेखी मागे घ्या. मॅडम ज्या दुसऱ्या शाळेत अर्ज करतील तिथे ती त्यांच्या आधी पोचता कामा नये. दुसरं, चालू लॅपटॉप भंगारात द्यायचं ठरलं आहे, उद्या टेम्पो येणार आहे असं कळतं. येऊ द्या. उद्या तिसऱ्या तासाला मी नववीचा वर्ग घेऊन लॅबमध्ये बसणार आहे. विषय निबंधलेखन. मुलं टाइप करत असताना त्यांच्या हाताखालून मशीन उचलायची ज्याची तयारी असेल त्यानं यावं.

गीतांजली मॅडम, तुमच्याशी मी अनेकदा भांडले. तुम्ही फटकळ आहात, कुणाच्या वाढदिवसाला केक खायला थांबत नाही, आणि माझ्या कॉम्प्युटरच्या अज्ञानावर तुम्ही वर्गात विनोद केल्याचं मुलांनी मला सांगितलं आहे. तरीही तुमच्यासारखी सोबत मला पुन्हा मिळायची नाही. तुमचं भलं होवो.

मला बोलायला उभं केलं त्याबद्दल संयोजकांचे आभार, त्यांना आता पश्चात्ताप होत असेल. ऐकून घेतलंत त्याबद्दल अध्यक्ष महोदयांचे आणि तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, मानाचा क्रम चुकला असेल, आवाज चढला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. जे सांगितलं त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही.

लॅबचा चार्ज मॅडमनी जाताना माझ्याकडे दिला आहे. चावी माझ्याजवळ आहे. लॅब उद्या नेहमीच्या वेळेला उघडेल.

नमस्कार.