गणपतीत दुकान बंद

गुंतवणूकदाराला भेटून आलेल्या मायलेकी मुलुंडला रिक्षाच्या रांगेत सुबोधच्या पुढेच उभ्या होत्या.

“आई, आपलं मसाल्याचं दुकान गणपतीत बंद असतं, हे कशाला सांगितलंस? प्लॅनमधून मी मुद्दाम काढलं होतं.”

“त्यांनी विचारलं, मी सांगितलं. गणपतीला गावी जायचं नाही की काय?”

“माझी वाट लागली होती गं. वर विचारतात, गिऱ्हाईक तुटत नाही का?”

“मग मी म्हटलंच ना त्यांना, कशाला तुटेल? आधीच दुप्पट नेतात, नाहीतर आपण येईपर्यंत थांबतात.”

“आणि तिथेच ते हो म्हणाले. दुकान बंद असताना थांबणारं गिऱ्हाईक, तेच मी प्लॅनमध्ये शोधतो म्हणे.”

“आणि तू तेच खोडलंस.”

सुबोधला राहवेना. “काकू, दुकान कुठंय तुमचं?”

“स्टेशनजवळच. पण आता गणपतीनंतर या.”