भातात उभ्या काड्या

काढ, काढ आधी त्या काड्या! — अगं, भातात अशा उभ्या खोचतं का कुणी? फोन घ्यायला हात मोकळा हवा, कळलं, पण म्हणून काय मेलेल्याचं ताट मांडून बसायचं? हां, आडव्या ठेव डब्यावर. चिनी घरातली ना तू? नाव काय? — हुईलिन. नाव आजीनं ठेवलेलं दिसतंय, रीत शिकवायची तेवढी राहिली तिची. हस, हस! आणि जेवायला बाक निवडलास तोही या स्मारकापुढचा. ते चार उंच खांब बघ — अख्खं सिंगापूर त्यांना चॉपस्टिक्स म्हणतं. युद्धात जपान्यांनी मारलेल्या माणसांची हाडं आहेत खाली, तिथं उभ्याच शोभतात. जिवंतासाठी नाही.

मी? पहिल्यांदाच आले. पंच्याहत्तर वर्षं याच शहरात काढून — आहे की नाही कमाल? आई येऊ द्यायची नाही. जपान्यांनी शहर घेतलं आणि सगळ्या चिनी पुरुषांना हजेरीला बोलावलं, बाबा गेले, तिथून लॉरीत घालून नेलं ते नेलंच. पण आई म्हणायची, येतील. रोज त्यांचा वाडगा मांडायची, काड्या आडव्या. शेजारणी उदबत्त्या घेऊन इथं निघाल्या की म्हणायची, "तिथं आपलं कुणी नाही." गेल्या महिन्यात गेली, सत्त्याण्णव वर्षांची होऊन — तोवर मांडत होती. आणि तो गार भात संपवायचा कुणी? मी! म्हणून तर ही अशी फुगले.

हा बघ, तोच वाडगा. कोंबड्याच्या चित्राचा. कड उडालीय, हात जपून. भात घातलाय, खारवलेलं अंडं घातलंय, काड्या मात्र मघापासून हातातच — तुला एवढी ओरडले ना, त्या सकाळी मीच खोचल्या होत्या. बाबांच्या भातात. सहा वर्षांची होते, खेळत होते. आईनं थोबाडीत दिली. बाबा हसले, काड्या काढल्या, सगळा भात खाल्ला आणि हजेरीला गेले. आईनं पुढं कधी बोलून दाखवलं नाही. कधीच नाही — हे तुला कशाला सांगतेय मी? डोळे पूस, भात खारट होईल तुझा.

असं कर — तूच खोच गं. तुझा हात बसलाय. माझा उठतच नाही. मधोमध... हां. जरा आणखी आत.

झालं. पळ आता, सुट्टी संपली तुझी. जा म्हटलं ना — जेवू दे आम्हाला.