रॅमची नवी पट्टी

मास्तर : तीन बीप वाजतात, म्हणजे रॅम. यात शंकेला जागाच नाही. थांब, मी टॉर्च धरतो.

मुलगी : बाबा, टॉर्च त्यांच्याकडे द्या, तुमचा हात हलतोय. आणि त्यांना अरे-तुरे काय करताय? एवढं मोठं दुकान आहे त्यांचं, तरी स्वतः घरी आलेत.

मास्तर : असेल मोठं. सहा वर्षं माझ्याकडे रेडिओ-टेप दुरुस्ती शिकलाय तो. बारक्या म्हणायचो आम्ही.

दुकानदार : म्हणू द्या हो ताई. बरं, मास्तर, पहिल्यापासून सांगा. काय काय बदललंत?

मास्तर : कॉम्प्युटर बारा वर्षांचा. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली. ती उत्तम चालली. मग तुझ्या दुकानातून रॅमची नवी पट्टी मागवली आणि जुनीच्या शेजारी लावली. दोन दिवस मध्येच निळा पडदा यायचा आणि बंद. परवापासून सुरूच होत नाही.

मुलगी : मी म्हणते, हात लावायचाच कशाला? चालत होता ना चांगला?

मास्तर : चालत नव्हता, रांगत होता. लोकांच्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून द्यायच्या असतात मला. एक गाणं उतरवेपर्यंत माणूस म्हातारा व्हायचा.

मुलगी : झालेलाच आहे माणूस म्हातारा. तुम्ही घरचेच, म्हणून सांगते. मागच्या महिन्यात सोल्डरिंगची कांडी तशीच चालू ठेवून झोपले. टेबल जळालं, हे बघा, मूठ जाईल एवढं भोक. शेजारच्यांना वास आला म्हणून बरं. तेव्हा दादाने आणि मी ठरवलं, हा कॉम्प्युटर यांनी धड लावला तर राहू देत इथे एकटे. नाही तर टेबल आवरायचं आणि माझ्याकडे यायचं. कबूल केलंय त्यांनी.

मास्तर : केलंय. कांडीची चूक माझी होती, ती मानली. पण यात माझी चूक नाही. जुनी पट्टी एकटी लावली, दोन्ही खाचांत चालली. नवी एकटी लावली, दोन्ही खाचांत बोंबलली. तूच लावून बघ आणि हिला सांग.

दुकानदार : बघू या. ही जुनी... हं, झाला सुरू. बंद करतो. आता नवी.

(तीन बीप.)

मास्तर : ऐकलंस?

दुकानदार : ऐकलं.

मुलगी : म्हणजे काय समजायचं?

दुकानदार : पट्टी गेली, ताई. पण अशी आपोआप जात नाही. हे सोनेरी दात बघा. ओरखडा दिसतो? तिरकी दाबली की असं होतं. हातात कंप असला की सरळ बसत नाही. बोर्ड वाचला हेच नशीब.

मास्तर : ओरखडा कसला? खाचेत शिरल्याची खूण आहे ती. जुन्या पट्टीवरही आहे. दाखव तिला.

मुलगी : बाबा, पुरे आता. मी दादाला फोन लावून येते.

दुकानदार : या, सावकाश या.

मास्तर : गेली ती. आता बोल. खोटं का सांगितलंस?

दुकानदार : पट्टी मुळातच खराब होती. या खेपेतली तिसरी. तुम्ही बसवलीत ती अगदी बरोबर. आतल्या वायरी काय बांधल्यात, आमच्या लोकांना आणून दाखवाव्यात अशा.

मास्तर : मग हे तिला सांग.

दुकानदार : डॉक्टरांचा टेप आठवतो? तुम्ही चुकीचं व्होल्टेज दिलंत, मोटर जळाली. डॉक्टर आले तेव्हा म्हणालात, या बारक्याचा धसमुसळेपणा. मला कान धरून दुकानाच्या पायरीवर उभं केलंत. दोन तास. आई कामावरून परत येत होती. तिने पाहिलं, आणि मान खाली घालून पुढे निघून गेली. थांबली नाही.

मास्तर : कुठले डॉक्टर? दिवसाला दहा टेप यायचे रे.

दुकानदार : हो. यायचे.

मास्तर : एवढ्यासाठी?

दुकानदार : माझ्या खिशात दुसरी पट्टी आहे, तपासून आणलेली. जिना चढेपर्यंत तीच लावणार होतो. तुम्ही दार उघडलंत आणि म्हणालात, ये बारक्या, पाय पुसून ये.

मास्तर : चुकलं माझं. लाव ती पट्टी.

दुकानदार : कशात चुकलं?

मास्तर : तू म्हणतोस त्यात.

दुकानदार : मी म्हणतो म्हणून.

मास्तर : हे बघ, तिचं घर सातव्या मजल्यावर आहे. तिथे मी खुर्चीत बसून नुसता खिडकीबाहेर बघत राहीन. इथे निदान कुणीतरी कॅसेट घेऊन येतं.

दुकानदार : ताई आल्या.

मुलगी : दादा रविवारी येतोय गाडी घेऊन. बाबा, आपलं ठरलं होतं, आता हट्ट नको.

मास्तर : पट्टी मुळातच खराब होती. आत्ता हा स्वतः म्हणाला. याच्या खिशात चांगली पट्टी आहे, विचार त्याला.

मुलगी : बाबा.

मास्तर : विचार म्हणतोय ना.

दुकानदार : हो, मास्तर. तुम्ही म्हणाल तसं. पट्टीच खराब होती.

मुलगी : अशी समजूत घालावी लागते हल्ली. दुसऱ्याच्या नावावर ढकलायची खोड जुनीच, पण आता खिशातल्या वस्तूही दिसायला लागल्या. माफ करा हं तुम्ही.

दुकानदार : नाही हो. वय आहे.

मास्तर : तिला दाखव रे. खिसा दाखव.

मुलगी : बसा खाली, धाप लागलीय तुम्हाला. पक्कड द्या इकडे. स्क्रूड्रायव्हरही. तुम्ही ही अवजारं दुकानात घेऊन जाल का? इथे राहिली की परत बसतील घेऊन.

दुकानदार : नेतो की.

मुलगी : तुमच्याकडे गेली तर त्यांनाही आवडेल. तुमच्यासमोर बोलणार नाहीत, पण आम्ही लहानपणापासून ऐकतोय. म्हणायचे, इतकी पोरं आली नि गेली, हात होता तो एका बारक्याचा. माझ्यापेक्षा सरस निघेल म्हणायचे.

दुकानदार : असं म्हणायचे?

मुलगी : कितीदा तरी. ही एवढी पेटी भरली, बघा. अजून काही राहिलं का?

दुकानदार : जड आहे ती, ताई. तुम्ही नका उचलू.